रक्तातले धातू तपासायचे आहेत? नाशिककरांसाठी सविस्तर मार्गदर्शक

रक्तातली खनिजं आणि विषारी धातू तपासून घेणं नाशिकमध्ये आता अवघड राहिलेलं नाही. कॉलेज रोड असो की नाशिकरोड, मोठ्या लॅबच्या कलेक्शन सेंटरवर वीस-बावीस नावांचं तयार पॅकेज मिळतं, घरी येऊनही रक्त नेतात. अवघड आहे ते त्या रिपोर्टमधून खरं उत्तर काढणं. लॅबचं काम जवळून पाहणारा माणूस म्हणून माझा एकच आग्रह आहे: आधी शंका पक्की करा, तिच्यावरून धातू ठरवा आणि त्या धातूला जो नमुना लागतो तोच द्या. हा क्रम उलटा झाला की पैसे जातात आणि झोपही जाते.

झोप का जाते ते आधी सांगतो. रिपोर्टवर छापलेली 'नॉर्मल रेंज' बहुतेक वेळा शंभर निरोगी माणसांतल्या ९५ जणांचे आकडे सामावतील अशी ठरवलेली असते. म्हणजे ठणठणीत माणसाचाही एखादा आकडा तिच्या बाहेर पडू शकतो. एकदम २० तपासण्या केल्या, तर निव्वळ गणितानेच त्यातली एक तरी रेंजबाहेर येण्याची शक्यता साधारण ६४ टक्के होते. ते लाल अक्षर पाहून माणूस घाबरतो, गोळ्या सुरू करतो, आणि ज्यासाठी रक्त दिलं होतं तो प्रश्न तसाच राहतो. म्हणून शक्य तिथे सुटी तपासणी मागा.

शंका कुठून येते ते शोधा

कागद घ्या आणि घरातला प्रत्येक जण दिवसभर काय हाताळतो, काय खातो, काय लावतो ते लिहा. डॉक्टरांना हा कागद पॅकेजपेक्षा जास्त उपयोगी पडतो.

सातपूर-अंबडला प्लेटिंगच्या कामात असाल तर क्रोमियम आणि निकेल लिहा. वेल्डिंग करत असाल तर मँगनीज. बॅटऱ्या फोडणं, भंगार वितळवणं, जुना रंग खरवडणं ही कामं असतील तर शिसं, आणि तेही ठळक अक्षरांत. सराफी कारागिरांनी कॅडमियम लिहावं. 'केडीएम' दागिन्यांच्या झाळकामात कॅडमियम मिसळलेला मिश्रधातू वापरला जायचा आणि त्याचा धूर थेट फुप्फुसात जातो. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांच्या रक्तातही कॅडमियम जास्त सापडतं. अशी नोंद आधी केली नाही तर डॉक्टर भलतीकडेच कारण शोधत बसतात.

घरातली यादी याहून महत्त्वाची, कारण तिथे मुलं असतात. सुटी, अति पिवळीधमक हळद पूड, कारण भेसळीसाठी त्यात शिशाचं क्रोमेट मिसळल्याची प्रकरणं उघडकीस आली आहेत. शेंदूर, कारण खरा शेंदूर म्हणजे शिशाचंच ऑक्साइड. देवाला वाहताना बोटं माखतात आणि तीच बोटं प्रसादाला लागतात. परगावाहून आणलेला सुरमा. भंगारातून ओतलेली स्वस्त अ‍ॅल्युमिनियमची किंवा हिंडालियमची भांडी; अशा काही आयात भांड्यांतून अन्नात शिसं उतरतं असा इशारा अमेरिकेच्या अन्न-औषध प्रशासनाने २०२५ मध्ये दिला. जुन्या वाड्याच्या दारं-खिडक्यांवरचे पोपडे धरलेले रंगाचे थर. आपल्याकडे घरगुती रंगात ९० पीपीएमपेक्षा (दहा लाख भागांत ९० भाग) जास्त शिसं नको हा नियम नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला, त्यामुळे त्याआधीच्या रंगाबद्दल काही खात्री देता येत नाही.

तांब्या-पितळेच्या भांड्यांबद्दल जुन्या नाशकातल्या घरांमधून खूप विचारणा होते. तांब्याच्या कळशीतलं साधं पाणी प्यायल्याने निरोगी माणसाला सहसा त्रास होत नाही. ताक, लिंबू सरबत, चिंचेची आमटी मात्र कल्हई नसलेल्या पितळेत ठेवू नका. कल्हई करून घेताना कथील शुद्ध आहे का हे कारागिराला स्पष्ट विचारा. शिसं मिसळलेलं कथील स्वस्त पडतं, आणि आंबट पदार्थ ते शिसं ओढून घेतो.

आणखी दोन गोष्टी लोक सांगायला कचरतात. एक, चेहरा गोरा करणारी बिननावाची क्रीम. तिच्यातल्या पाऱ्यामुळे मूत्रपिंडं बिघडल्याची प्रकरणं महाराष्ट्रातही झाली आहेत आणि केरळातही. दुसरी, भस्मं आणि रसौषधी. नागभस्म म्हणजे शिसं, रसकल्पांत पारा, हरताळात आर्सेनिक. वैद्यांचा अपमान होईल म्हणून हे लपवू नका. औषधाची बाटली, पुडी, पावती सगळं डॉक्टरांसमोर ठेवा.

निफाड-दिंडोरीच्या द्राक्ष बागायतदारांसाठी वेगळं सांगायला हवं. 'फवारणी करतो, हेवी मेटल करा' असं तुमच्यापैकी अनेक जण म्हणतात. बोर्डो मिश्रणात मोरचूद असतं हे खरं, पण निरोगी शरीर रक्तातलं तांबं नियंत्रणात ठेवतं, त्यामुळे फवारणीचा संपर्क त्या आकड्यात नीट उमटत नाही. ऑर्गॅनोफॉस्फेट गटातली कीटकनाशकं हाताळत असाल तर तुमची तपासणी कोलिनेस्टरेजची आहे, म्हणजे ही औषधं रक्तातलं जे विकर दाबतात त्याची. ती ऑक्टोबर छाटणीच्या आधी, फवारण्या सुरू होण्यापूर्वी एकदा करून ठेवा. प्रत्येक माणसाची मूळ पातळी वेगळी असते. आपली आपल्याला माहीत असली तरच हंगामात ती किती घसरली हे कळतं.

विषारी धातू: कुणाला रक्त, कुणाला लघवी

शिसं तपासायचं असेल तर रक्तच द्या, आणि तेही अख्खं रक्त. शिसं जवळजवळ सगळं तांबड्या पेशींत बसलेलं असतं, त्यामुळे सीरममधलं, म्हणजे पेशी वगळून उरणाऱ्या पातळ भागातलं, शिसं मोजून हाती काही लागत नाही. लॅबच्या फॉर्मवर 'होल ब्लड लेड' लिहिलं आहे ना, ते पाहा. रक्तातलं शिसं साधारण महिन्याभरात निम्म्यावर येतं, पण हाडात गेलेलं वर्षानुवर्षं राहतं आणि गर्भारपणात पुन्हा रक्तात उतरतं. ते वारेतून बाळापर्यंत पोचतं. म्हणून शिशाच्या कामात असलेल्या किंवा पूर्वी राहिलेल्या गर्भवतीने डॉक्टरांना हे पहिल्याच भेटीत सांगावं.

पाऱ्याचे प्रकार दोन, तपासण्याही दोन. माशांतून येणारा पारा रक्तात दिसतो. क्रीममधला, फुटलेल्या उपकरणातला किंवा औषधातला पारा लघवीत नीट दिसतो. क्रीम लावणाऱ्या मुलीचं नुसतं रक्त तपासून 'सगळं ठीक आहे' म्हणणं धोक्याचं आहे.

आर्सेनिक रक्तात काही तासच टिकतं, त्यामुळे रक्ताची तपासणी फक्त ताज्या, तीव्र विषबाधेत कामाची. एरवी लघवी द्या. देण्याआधी चार-पाच दिवस समुद्री मासे, बोंबील, सुकट, कोळंबी सगळं बंद. माशांत निरुपद्रवी स्वरूपाचं आर्सेनिक भरपूर असतं, ते आकडा भलताच फुगवतं. आकडा वाढलेला आलाच तर 'स्पेसिएशन' करायला सांगा. त्यातून विषारी कुठलं आणि माशातलं कुठलं ते वेगळं कळतं.

कॅडमियमचं रक्त गेल्या काही महिन्यांचं सांगतं, तर लघवी आयुष्यभर मूत्रपिंडात साठलेल्याचं. जुन्या कारागिराला लघवीच लागते, सोबत क्रिएटिनिनही, म्हणजे लघवी किती पातळ-घट्ट आहे त्याचा हिशेब लागतो. क्रोमियम-निकेलच्या कामगारांनी सलग कामाचा आठवडा संपताना, शिफ्टच्या शेवटी लघवीचा नमुना द्यावा. दोन दिवस सुट्टी घेऊन सोमवारी सकाळी दिलेला नमुना तुमच्या कामाची कहाणी सांगत नाही.

तीन गोष्टींना ठाम नकार द्या. केसांच्या तपासणीवरून एकट्या माणसाचं निदान करू नका. रंग, शाम्पू, धूळ यांनी केस बाहेरूनच माखलेले असतात. प्रदर्शनात हातात दांडी धरायला लावून पाच मिनिटांत सगळी खनिजं सांगणारी मशीन काहीही मोजत नाही. आणि आधी धातू ओढणारं औषध देऊन मग लघवी तपासण्याचा प्रकार कुणी सुचवला तर तिथून उठा. त्या औषधाने निरोगी माणसाच्या लघवीतही धातू वाढतात आणि त्याची तुलना करायला रेंजच नाही. अमेरिकेतल्या वैद्यकीय विषशास्त्रज्ञांच्या संघटनेनेही याविरुद्ध स्पष्ट भूमिका घेतलेली आहे.

खनिजं: बहुतेकांना एवढंच पुरतं

थकवा, केस गळणं, धाप लागणं या तक्रारींवर पहिली तपासणी साधी सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) आणि फेरिटिन (लोहाचा साठा). २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के भारतीय स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. आधी हे पाहा, सेलेनियम-मोलिब्डेनम नंतर. नुसतं 'सीरम आयर्न' करू नका, ते सकाळ-संध्याकाळ बदलतं आणि एका गोळीनेही वर जातं. साठा सांगतं ते फेरिटिन. निरोगी प्रौढात ते १५ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरच्या खाली गेलं की साठा संपत आला असं जागतिक आरोग्य संघटना मानते. पण ताप, जंतुसंसर्ग, सूज असेल तर फेरिटिन खोटंच वर दिसतं. अशा वेळी ७० च्या खालचा आकडाही कमतरता दाखवू शकतो. म्हणून सोबत सीआरपी (सूज दाखवणारी तपासणी) करून घ्या, किंवा बरं वाटल्यावर रक्त द्या.

जस्त तपासायचं तर सकाळी, उपाशीपोटी. दुपारी त्याची पातळी घसरलेली असते. सकाळच्या उपाशीपोटीच्या नमुन्यात स्त्रियांना ७० आणि पुरुषांना ७४ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर ही खालची मर्यादा धरतात. जस्ताच्या गोळ्या महिनोन्‌महिने मनाने घेणाऱ्यांनी तांबंही तपासावं. जास्तीचं जस्त तांब्याला शरीरात शिरू देत नाही, त्यातून रक्तक्षय होतो आणि पाय बधिर पडतात. गर्भारपणात आणि गर्भनिरोधक गोळ्यांवर तांबं आपोआप वाढतं, त्याने घाबरू नका. तरुण मुलाला यकृताचा त्रास आणि हाताला कंप असेल तर मात्र सेरुलोप्लाझ्मिन (रक्तात तांबं वाहणारं प्रथिन) आणि २४ तासांच्या लघवीतलं तांबं तपासायलाच हवं. तो विल्सनचा आजार, म्हणजे शरीरात तांबं साठत जाण्याचा आजार, असू शकतो आणि वेळेत सापडला तर त्यावर उपचार आहेत.

पायात गोळे येतात म्हणून मॅग्नेशियम तपासतात. शरीरातलं जेमतेम एक टक्का मॅग्नेशियम रक्तात असतं, त्यामुळे नॉर्मल आकड्याने कमतरता नाकारता येत नाही. ॲसिडिटीच्या गोळ्या वर्षानुवर्षं चालू असतील तर ते डॉक्टरांना सांगा. कॅल्शियमचा आकडा अल्ब्युमिन या रक्तातल्या प्रथिनासोबत वाचायचा असतो, आणि तो हाडांची ताकद सांगत नाही. रक्तातला टीएसएच थायरॉइडचं काम कसं चाललंय ते सांगतो, आयोडीनची पातळी नाही.

लॅबला काय विचारायचं

नाशिकमध्ये दिलेला धातूंचा नमुना बहुधा मोठ्या शहरातल्या मुख्य लॅबला जातो. त्यात गैर काही नाही, फक्त चार गोष्टी काउंटरवरच विचारून घ्या. मोजणी आयसीपी-एमएस (धातूंचे अगदी सूक्ष्म अंश मोजणारं यंत्र) पद्धतीने होते का? लॅबचं एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मानांकन याच तपासणीला लागू आहे का? नुसता लोगो पुरेसा नाही, मान्य तपासण्यांची यादी एनएबीएलच्या संकेतस्थळावर पाहता येते. नमुना कधी निघतो आणि रिपोर्ट कधी येतो? आणि चौथा, सगळ्यात महत्त्वाचा: "ताई, ट्रेस एलिमेंटची गडद निळ्या टोपणाची ट्यूब आहे का तुमच्याकडे?"

या ट्यूबवर थोडं थांबतो, कारण सगळा खेळ इथेच बिघडतो. नेहमीच्या ट्यूबचं रबरी बूच, काच, आतला लेप यांत जस्त, अ‍ॅल्युमिनियम, मँगनीज यांचे अंश असतात. आपण मोजतोय अब्जांशात, आणि ट्यूबच तेवढं मिसळून मोकळी होते. गडद निळं टोपण म्हणजे त्या ट्यूबमध्ये धातूंचे अंश नगण्य आहेत हे तपासलेलं. तिच्यातही दोन प्रकार: शिसं, कॅडमियम, मँगनीज, पारा यांना ईडीटीए (रक्त गोठू न देणारं रसायन) असलेली, आणि सीरममधल्या जस्त, तांबं, सेलेनियमला बिनऔषधाची. लेबलवर ते लिहिलेलं असतं. जांभळ्या टोपणाच्या ट्यूबमध्येच सगळं भागवतो असं कुणी म्हणालं तर सीबीसी द्या आणि धातूंसाठी दुसरीकडे जा.

आदल्या दिवसापासून खुर्चीपर्यंत

सीटी किंवा एमआरआयचं कॉन्ट्रास्ट इंजेक्शन झालं असेल तर किमान चार दिवस थांबा. त्यातलं आयोडीन किंवा गॅडोलिनियम मोजणीत गोंधळ घालतं. खनिजांच्या गोळ्या कधी थांबवायच्या ते डॉक्टरांना विचारा. लोहाची गोळी निदान २४ तास आधी नको. डॉक्टरांनी आजारासाठी दिलेली औषधं मनाने बंद करू नका. रात्रीचं जेवण नेहमीचं, सकाळी फक्त पाणी.

कामावरून थेट येऊ नका. आंघोळ करून, धुतलेले कपडे घालून या. शिशाच्या किंवा प्लेटिंगच्या कामातल्या माणसाने दोन्ही हात कोपरापर्यंत साबणाने धुवावेत. बाहीवरची धूळ सुईसोबत ट्यूबमध्ये गेली तर ती तुमच्या रक्तातली म्हणून मोजली जाईल.

खुर्चीत बसल्यावर दंडाला पट्टा बांधला की मूठ जोरजोरात उघड-मिट करू नका, त्याने पोटॅशियम वाढतं. पट्टा एक मिनिटाच्या आत सुटायला हवा. शीर सापडेना म्हणून सुई फिरवत राहिल्याने पेशी फुटल्या तर जस्त, मॅग्नेशियम, पोटॅशियम, लोह सगळेच चुकतात. "दादा, दुसऱ्या हातातून घ्या," असं सांगायला संकोच नको. लहान मुलाचं शिसं बोटाला टोचून तपासलं आणि आकडा जास्त आला, तर शिरेतून रक्त घेऊन खात्री करा. बोटाच्या कातडीवरचंच शिसं थेंबात उतरलेलं असू शकतं.

आकडा कसा वाचायचा

आधी एकक पाहा. ३५ मायक्रोग्रॅम प्रति लिटर आणि ३.५ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर एकच. हे न पाहता दहापट घाबरलेले आईबाप आले की फार वाईट वाटतं.

शिशाला सुरक्षित पातळी नाही. अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेने २०२१ मध्ये मुलांसाठीची संदर्भपातळी ५ वरून ३.५ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटरवर आणली; शिशाचे पुढचे रक्तातले आकडेही याच एककात आहेत. जागतिक आरोग्य संघटना ५ किंवा त्याहून जास्त आढळल्यास स्रोत शोधून थांबवायला सांगते. रिपोर्टवर 'दहाच्या खाली नॉर्मल' छापलेलं असलं आणि मुलाचा आकडा ८ असला, तर तो नॉर्मल समजू नका. युनिसेफ आणि प्युअर अर्थ या प्रदूषणविरोधी संस्थेच्या २०२० च्या अहवालानुसार भारतात ५ च्या वर शिसं असलेली मुलं सुमारे २७.५ कोटी आहेत. आपलं मूल त्यात असणं लाजिरवाणं नाही, तपासणी टाळणं मात्र महागात पडतं.

वाढलेलं आलं तर

स्रोत तोडणं हाच पहिला उपचार. शंकेची हळद टाकून द्या आणि हळकुंडं आणून गिरणीतून दळून घ्या. हळकुंड मोडून पाहा: आतला रंग नैसर्गिक गडद पिवळा-नारिंगी असतो. वरची साल चकचकीत पिवळी आणि हाताला पिवळी भुकटी लागत असेल तर ते घेऊ नका. रंगाचे पोपडे घरीच खरवडू नका, ओल्या फडक्याने पुसा. घरात झाडूऐवजी ओला पोछा. कामाचे कपडे आणि चपला दाराबाहेर, धुणं वेगळं. विहिरीचं किंवा बोअरचं पाणी पीत असाल तर तेही तपासा. पिण्याच्या पाण्यात शिशाची मर्यादा लिटरमागे ०.०१ मिलिग्रॅम आहे.

मुलाचं लोह कमी असेल तर ते भरून काढा, कारण लोह कमी असलेलं शरीर शिसं जास्त शोषतं. नाचणी, दूध, पालेभाज्या आणि त्यावर लिंबू पिळणं हे रोजच्या ताटात बसतं. धातू बाहेर काढणारं औषध मुलांमध्ये साधारण ४५ च्या वर आणि तेही रुग्णालयात, तज्ज्ञाच्या देखरेखीखाली. 'डिटॉक्स'च्या नावाने सलाईन लावणाऱ्यांपासून दूर राहा. अमेरिकेत २००३ ते २००५ दरम्यान अशा उपचारात रक्तातलं कॅल्शियम कोसळून मुलांचे जीव गेले आहेत.

कामातून बाधा झाली असेल तर गप्प बसू नका. शिसं, पारा, मँगनीज, आर्सेनिक यांची विषबाधा कायद्याने कळवण्याच्या व्यवसायजन्य आजारांत आहे. पगारातून कामगार विम्याची कपात होत असेल तर सातपूरच्या कामगार विमा रुग्णालयात दाखवा, कामाचं स्वरूप केसपेपरवर लिहून घ्या आणि रिपोर्टची प्रत स्वतःजवळ ठेवा. तक्रार औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे करता येते.

फेरतपासणीचा वेळ आकड्यावर ठरतो. बोटाला टोचून तपासलेलं मुलाचं शिसं ३.५ ते ९ असेल तर तीन महिन्यांच्या आत, १० ते १९ असेल तर महिन्याभरात, २० ते ४४ असेल तर दोन आठवड्यांत, आणि ४५ किंवा वर असेल तर दोन दिवसांतच शिरेतून पुन्हा रक्त घ्या. दर वेळी तीच लॅब आणि तशीच ट्यूब ठेवा, नाहीतर आकडा खरंच उतरला की मशीन बदललं ते कळणार नाही. एका मुलात सापडलं तर त्याच घरातल्या भावंडांचं आणि घरात कुणी गर्भवती असेल तर तिचंही रक्त त्याच आठवड्यात पाठवा.